औशाहून बेइछुआनला

चेंगडूहून मियानयांगपर्यंत वेगाची रेल्वे, तिथून डोंगराकडे जाणारी बस. सिच्वानला येणारी माणसं बहुधा पांडा बघून परततात, पण मला भूकंपाचं गाव बघायचं होतं. मी औसा तालुक्यातला, आणि किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती नुकतेच बोळवलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी आकडा ७,९२८. सिच्वानचा भूकंप १२ मे २००८ चा, दुपारी २ वाजून २८ मिनिटांचा. तिथला आकडा ६९,२२७, आणि न सापडलेली माणसं जवळजवळ अठरा हजार. किल्लारीत लोक झोपेत होते. इथं मुलं वर्गात होती.

जुनं बेइछुआन आहे तसं ठेवलंय. एका अंगावर कललेल्या पाच-सहा मजली इमारती, त्यांना लोखंडी टेकू, मधून नीट झाडलेला रस्ता. डोंगर दोन्ही बाजूंनी इतका जवळ आहे की, हे गाव वसवलं कुणी, हाच प्रश्न आधी पडतो. लोक पिवळी शेवंती घेऊन येतात आणि हिरवळीखालच्या सामूहिक दफनभूमीपाशी ठेवतात. आमच्याकडे जुन्या किल्लारीत बाभळी वाढल्या. गावाचे अवशेष असे राखून ठेवावेत, हे आपल्याला सुचलं नाही की परवडलं नाही, कोण जाणे.

नवं बेइछुआन तिथून वीसेक किलोमीटरवर, सपाटीला. नाव युंगछांग. हे पूर्ण शहर शांतुंग प्रांतानं बांधून दिलं, आणि शांतुंग आहे हजारभर किलोमीटर लांब, पार समुद्रकाठी. जून २००८ मध्ये बीजिंगनं वाटणी करून टाकली होती : वेनछुआन तालुका ग्वांगतुंगकडे, तूच्यांगयान शांघायकडे, बेइछुआन शांतुंगकडे. एका प्रांताच्या गळ्यात एक तालुका. प्रत्येकानं आपल्या वार्षिक महसुलाचा किमान एक टक्का तीन वर्षं द्यायचा. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदांकडून वेगळी ‘खास वर्गणी’ घेतली, ती जवळजवळ हजार कोटी युआन भरली. तीन वर्षांचं बरंचसं काम दोन वर्षांत उरकलं. रुंद रस्ते, नदीकाठी बाग, च्यांग जमातीच्या धाटणीची दगडी बाजारपेठ. खोटं कशाला बोलू, हेवा वाटला. आमच्या ५२ गावांचं पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जावर आणि देणग्यांवर झालं. घरं मिळाली, पण घरांच्या कबाल्यांसाठी लोकांनी किती वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या ते औशात कुणालाही विचारा.

माझ्याबरोबर चेंगडूची एक विद्यार्थिनी दुभाषी म्हणून होती. तिला मी विचारलं, इथला कलेक्टर कोण? ती म्हणाली, तालुक्याचा प्रमुख एक आहे, पण मोठा माणूस तो नव्हे, पक्षाचा सचिव. हे समजायला मला थोडा वेळ लागला. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर लातूरला जिल्हाधिकारी बसलेत आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सत्ताधारी पक्षाचा जिल्हाध्यक्ष. अंतिम सही कुणाची याबद्दल कुणालाच शंका नाही. प्रांतात गव्हर्नरच्या वर सचिव, शहरात महापौराच्या वर सचिव, विद्यापीठात कुलगुरूशेजारी सचिव. तीन सभासद असले की खासगी कंपनीतसुद्धा शाखा. गावात समितीच्या निवडणुका होतात, पण अलीकडे गावचा प्रमुख आणि पक्षाचा सचिव एकच माणूस असावा, असा आग्रह आहे. म्हणजे दोन खुर्च्यांचीही गरज उरलेली नाही.

आपल्याकडेही पक्षावाचून सोसायटी, बँक, साखर कारखाना काही चालत नाही, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. फरक एवढाच की सोसायटीच्या निवडणुकीत आमच्याकडे तीन पॅनेल असतात आणि रात्रीतून माणसं इकडची तिकडे होतात. तिचे वडील शिक्षक आणि पक्षाचे सभासद. अर्ज केला, दोन जुन्या सभासदांनी शिफारस केली, मग वर्षभर उमेदवारी, तेव्हा कुठे नाव लागलं. आमच्याकडे मिस कॉल दिला की सभासद होता येतं, हे ऐकून तिला खूप हसू आलं. १९२१ मध्ये मूठभर माणसांनी सुरू केलेल्या त्या पक्षाचे सभासद आज दहा कोटींच्या वर आहेत. बढती हवी असेल, सरकारी नोकरीत पुढं जायचं असेल, तर त्या रांगेत उभं राहिलेलं बरं, असं तिचं सरळ मत होतं. विचारसरणीचा विषय तिनं काढलाच नाही.

भूकंपाचं संग्रहालय जुन्या बेइछुआन माध्यमिक शाळेच्या जागेवर आहे. शाळेचा ढिगारा हिरवळीखाली गाडलाय. आत सैनिक, हेलिकॉप्टरं, त्याच दिवशी धावत आलेले पंतप्रधान वेन जियाबाओ. त्यांनी तात्पुरत्या वर्गातल्या फळ्यावर, संकटांतून राष्ट्र उभं राहतं अशा अर्थाची चार अक्षरं लिहिली होती, त्याचं मोठं कौतुक. एकेका दालनात मी एकच गोष्ट शोधत होतो : शेजारच्या इमारती उभ्या असताना शाळाच का कोसळल्या? सरकारनंच पुढं ५,३३५ विद्यार्थी मेले किंवा बेपत्ता झाले असं जाहीर केलं. पण त्या सिमेंटचं, सळयांचं काय, हे कुठल्याच भिंतीवर मला दिसलं नाही.

प्रश्न विचारला गेला नव्हता असं नाही. मे २००८ मध्ये मियानचूच्या आईबापांनी मुलांचे फोटो छातीशी धरून मोर्चा काढला. तिथला पक्षसचिव च्यांग क्वोह्वा रस्त्यातच त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसला, पुढं जाऊ नका म्हणून. त्याचा फोटो जगभर छापून आला. मला त्या माणसाची कीव येते, कारण वरून आलेलं उद्दिष्ट आणि खालून आलेला शोक यांच्यामध्ये तो एकटाच उभा होता, आणि बढती वरूनच मिळणार होती. नंतर पालकांना पैसे देऊन कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. मेलेल्या मुलांची यादी करणाऱ्या थान च्वोरेनला २०१० मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्रात कारण दिलं ते १९८९ च्या तिआनआनमेनवरच्या त्याच्या लिखाणाचं. ज्या हातानं दोन वर्षांत शहर उभं केलं, त्याच हातानं ही यादी मिटवली. हे दोन वेगळे हात आहेत असं मानून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो.

संध्याकाळी दगडी बाजारपेठेत तिखट नूडल्स खाताना दुभाषी मुलीनं किल्लारीबद्दल विचारलं. मी सांगत गेलो : पत्र्याचे शेड, देणगीदार संस्थांनी वाटून घेतलेली गावं, स्लॅबखाली झोपायला घाबरून पक्क्या घराच्या अंगणात पत्रा ठोकणारी म्हातारी माणसं, नोकरीतलं भूकंपग्रस्तांचं दोन टक्के आरक्षण आणि त्या दाखल्यासाठीच्या भानगडी. घराच्या यादीत नाव का नाही म्हणून लामजना पाटीवर रास्ता रोको करणारा आमच्या ओळखीचा एक जणही आठवला.

“मग त्याला काय झालं?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“काय होणार? पंचायत समितीला उभा राहिला.”

“आणि?”

“पडला. पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाकडून उभा राहिला.”