न सांगता उठून गेलेली माणसं

'लॉगआउट' दाबलं की पहिलं पान दिसतं आणि आपण निश्चिंत होतो. वेबसाइट बांधण्याच्या धंद्यात असल्यामुळे मी मात्र या बटणावर सहसा विश्वास ठेवत नाही.

एचटीटीपीला मुळात स्मरणशक्तीच नाही. त्याच्या लेखी प्रत्येक क्लिक नव्या माणसाची. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुलीने कुकी आणली ती या विसराळूपणावर उपाय म्हणून. लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक बिल्ला देतो. तो दाखवत राहायचं. काही लॉगआउट बटणं ब्राउझरमधला बिल्ला तेवढा फेकतात. कुणी त्याची नक्कल आधीच केली असेल, तर ती चालूच राहते. म्हणून सर्व्हरच्या वहीतली नोंदही खोडावी लागते.

खरी अडचण न सांगता उठून गेलेल्या माणसांची. सायबर कॅफेत खातं उघडं टाकून कुणी निघून गेलं तर? त्यासाठी टाइमआउट असतो. ओवॅस्पच्या मार्गदर्शनात जोखमीच्या ठिकाणी सहसा २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्या ठिकाणी १५ ते ३० मिनिटं असे आकडे दिले आहेत.

पण सर्व्हरला उठून गेलेला माणूस आणि सावकाश टाइप करणारा माणूस सारखेच दिसतात. माझी आई पेन्शनचा फॉर्म एका बोटाने भरते. मधेच पासबुक शोधायला आत जाते. परत येते तर 'सेशन संपले', आणि फॉर्म कोरा. तिसऱ्यांदा असं झाल्यावर तिने विचारलं, "माझं काय चुकतंय रे?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. वेब सुगमतेच्या नियमावलीत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, यावर एक साधा मार्ग दिलेला आहे : वेळ संपण्याआधी सूचना द्या, किमान २० सेकंद थांबा, एका साध्या कृतीने मुदत वाढवू द्या, आणि तेही किमान दहा वेळा. त्यात मी माझी एक भर घालतो. अर्धवट फॉर्म सर्व्हरवर जपून ठेवायचा आणि पुन्हा लॉगिन केल्यावरच दाखवायचा. दार वेळेवर बंद होतं, आणि लिहिलेलंही वाया जात नाही.

हल्ली टीममध्ये कुणी "टाइमआउट किती ठेवू?" असं विचारलं, की मी आधी विचारतो, "हा फॉर्म कोण भरणार आहे?"