पैकरुंबूचे स्मारक आणि वालचंदनगरचे पोलाद

बारामती एमआयडीसीतून निघून इंदापूरच्या रस्त्याला लागले की भवानीनगर, लासुर्णे मागे पडतात आणि उसाच्या फडांमधून वालचंदनगर येते. सोलापूरच्या दोशी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी वसविलेले हे गाव साखरेमुळे नावारूपाला आले. शेठजी १९५३ साली निवर्तले. पुढे सत्तरच्या दशकात, साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या इथल्या कारागिरांकडे एक निराळेच काम आले. ते होते अग्निबाणाच्या मोटारीचे पोलादी कवच. भारताचे पहिले उपग्रह प्रक्षेपक यान, एसएलव्ही-३, तेव्हा आकार घेत होते आणि त्या प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

त्याच कलामांचे स्मारक रामेश्वरम बेटावर पैकरुंबू येथे आहे. २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगमध्ये व्याख्यान देत असताना त्यांचे निधन झाले आणि ३० जुलैला येथे दफनविधी झाला. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने उभारलेली ही वास्तू दुसऱ्या पुण्यतिथीस, २७ जुलै २०१७ रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. कलामांचा जीवनपट घेऊन देशभर फिरणारी ‘कलाम संदेश वाहिनी’ ही बसही त्याच दिवशी निघाली.

प्रवेशद्वार इंडिया गेटसारखे, घुमट राष्ट्रपती भवनासारखा. नावाड्यांच्या या बेटावर लहानपणी वृत्तपत्रे विकणाऱ्या माणसाला हा थाट कितपत रुचला असता, कोण जाणे! आतली वीणा वाजविणारी त्यांची मूर्ती मात्र खरी वाटते. त्या मूर्तीजवळ गीता कोरलेली असल्याने उद्घाटनानंतर वाद उठला. तेव्हा कुटुंबीयांनी कुराण आणि बायबलच्या प्रतीही तेथे आणून ठेवल्या. कलामांचे वडील मशिदीचे इमाम, आणि रामेश्वर मंदिराचे मुख्य पुजारी त्यांचे जिवलग स्नेही; त्या घराला हे सुचले यात नवल नाही. अनेकान्ताचे संस्कार घेऊन आलेला यात्रेकरू तेथे क्षणभर थबकतो. आचार्य महाप्रज्ञांसमवेत कलामांनी कुटुंब आणि राष्ट्र या विषयावर ग्रंथ लिहिला होता, हेही त्याला आठवते.

दालनांत अग्निबाणांच्या प्रतिकृती आहेत. त्या पाहताना १० ऑगस्ट १९७९ ची तारीख स्मरणात ठेवावी. त्या दिवशी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले आणि वर्षांची मेहनत बंगालच्या उपसागरात बुडाली. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. अपयश त्यांनी आपल्या नावे टाकले. १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी कलामांना पाठविले. तोटा पेढीच्या मालकाचा आणि यश मुनिमाचे, असे खाते व्यापारी घराण्यांतही क्वचितच लिहिले जाते.

वालचंदनगरचे काम मात्र थांबले नाही. पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या यानासाठीही येथील पोलाद गेले. पैकरुंबूत पर्यटक प्रतिकृतींजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. वालचंदनगरात घडलेली खरी कवचे कोणाला दाखविता येत नाहीत. श्रीहरिकोट्याहून उडाल्यावर आतील इंधन जळून संपते, कवच यानापासून सुटते आणि समुद्रात पडते.