अब्बांचा आवाज असलेली व्हीसीडी

डिसेंबरात धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, माझ्या निकाहच्या व्हीसीडी तुमच्याकडेच आहेत ना? रुख्सतीच्या वेळी अब्बांनी दुआ केली होती, ती हवीय. लेकीला एकदा ऐकवायची आहे." भाचीचे डी.फार्म. झाले आणि रमजानच्या आधी तिचा निकाह ठरला. आम्ही मोठ्या विश्वासाने म्हणालो, "इन्शाअल्लाह, आज रात्रीच पाठवतो."

निकाह २००४ चा. तेव्हा जळगावात लग्नाचे शूटिंग तीन व्हीसीडींवर मिळत असे, वरती दोन गुलाबांचे चित्र. अब्बा २०११ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. त्या काळी घरातला मोबाइल फक्त बोलण्यापुरता होता, म्हणून त्यांचा आवाज या व्हीसीडींखेरीज कुठेही नाही. खरे तर अब्बांना निकाहमध्ये कॅमेरा पसंत नव्हता. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

रात्री व्हीसीडी काढल्या आणि कॉम्प्युटर सुरू केला, तर डीव्हीडी ड्राइव्हचे चिन्हच दिसेना. हार्ड डिस्क दिसते, पेन ड्राइव्ह दिसतो, पण ड्राइव्ह असा गायब जसा तो कधी नव्हताच. मग आठवले, की दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर नवा केला होता. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि आमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. कॅबिनेट तेच ठेवून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलली. च्युइंगमच्या पट्टीएवढी एक एम-टू एसएसडीही थेट बोर्डावर बसवून घेतली. जुनी हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह तसेच राहिले. दोन महिने कुणाच्या लक्षात आले नाही, कारण सीडी लागते कुणाला?

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून शहरातल्या एका दुकानात नेले. तिथल्या मुलाने स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, ड्राइव्ह गेला. फेकून द्या. आता कोण वापरतं?" वाईट वाटले. यूएसबीने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा म्हटले, तर त्या दिवशी दोन्ही दुकानांत नव्हता. परत आलो.

घरी बारावीतला मुलगा म्हणाला, "अम्मी, ट्रे तर उघडतोय." तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बटण दाबले की ट्रे बाहेर येतो, हिरवा दिवा लागतो, म्हणजे ड्राइव्हला वीज पोचते आहे. साटा ड्राइव्हला दोन वायरी असतात. रुंद वायर विजेची, अरुंद वायर माहितीची. पहिली ठीक असली तरी दुसरीत खोट असू शकते. ट्रे उघडला म्हणून ड्राइव्ह धडधाकट ठरत नाही, पण तो मेला हेही ठरत नाही. दुकानात हा साधा विचार कुणी केला नव्हता, आम्हीही केला नव्हता.

कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि झाकण उघडले. अरुंद केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवली. काही नाही. हार्ड डिस्कची चालती केबल ड्राइव्हला लावून पाहिली. तरीही नाही. म्हणजे केबल निर्दोष.

मग सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो. बायोस हा विंडोजच्या आधी जागा होतो. तिथे ड्राइव्ह दिसत असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर दोष विंडोजचा. तिथेच नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काही उपयोग नाही. आमच्याकडे साटा क्रमांक ४ पुढे 'नॉट प्रेझेंट' लिहिलेले होते. ड्राइव्ह नेमका त्याच पोर्टला जोडलेला.

आता राहिली मदरबोर्डसोबत आलेली पुस्तिका, जी खोक्यातून कुणी बाहेरही काढली नव्हती. आम्ही वर्गात रोज सांगतो, आधी प्रश्न पूर्ण वाचा. मुलाने हे वाक्य आम्हालाच ऐकवले. साटा पोर्टांच्या आकृतीखाली बारीक अक्षरांत एक टीप होती. दुसऱ्या एम-टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवली तर साटा क्रमांक ४ चा पोर्ट बंद राहील. बोर्डावर या दोघांची वाट एकच आहे, एकाला दिली की दुसऱ्याला मिळत नाही. सगळ्या बोर्डांवर असे नसते, क्रमांकही वेगळे असतात, म्हणून पुस्तिका पाहावीच लागते. आमची एसएसडी दुकानात दुसऱ्याच स्लॉटमध्ये बसवली होती.

केबल ४ वरून काढून २ मध्ये लावली. एवढेच. ड्राइव्ह दिसू लागला. अल्हम्दुलिल्लाह म्हणून खुर्चीत बसलो, पण काम अर्धेच झाले होते.

या व्हीसीडी दुकानात लिहून दिलेल्या, म्हणजे त्यात एक रासायनिक रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा उमटवतो. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग उतरत जातो. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि या व्हीसीडी अनेक वर्षे वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या कपाटात होत्या. हे आता कळून काय उपयोग! मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे पुसल्या. गोल गोल पुसायचे नाही, कारण रेघ खुणांच्या दिशेने गेली तर ड्राइव्हला जास्त त्रास होतो. पहिली कॉपी झाली. दुसरी निम्म्यावर अडकली, तिसऱ्या वेळी पूर्ण झाली. तिसरी शेवटपर्यंत वाचता आली नाही. दालचा-खान्याची पंगत गेली, त्यात आमच्या मरहूम फुफी वाढताना दिसायच्या. तुमच्याकडे अशा चकत्या असतील तर उन्हाळ्याच्या आत कॉपी करून घ्या, आणि एका ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी ठेवा.

रुख्सती दुसऱ्या व्हीसीडीत निघाली. अब्बांनी कॅमेऱ्याकडे पाठ केलेली, फक्त शेरवानीची पाठ आणि टोपी दिसते. आवाज मात्र स्वच्छ आहे. दुआ संपते, सगळे आमीन म्हणतात, आणि मग अब्बा आमच्या बहनोईंना म्हणतात, "बेटा, पारोळा के आगे रास्ता खराब है. गाडी आहिस्ता चलाना. इसको चक्कर आती है."

आम्ही ते व्हॉट्सअॅपवर पाठवले. बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग बहिणीचा फोन आला. "आपा, दुआ मला आठवत होती. हे चक्कर येण्याचं मी विसरले होते." मागून भाचीचा आवाज आला, "अम्मी, नाना परत लावा ना."