नाण्यावरची अक्षरे

अमीनाबादेतील एका सराफाच्या पेढीवर परवा मिनँडरचे एक रौप्य नाणे पाहावयास मिळाले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. वजन जेमतेम अडीच ग्रॅम. पण तेवढ्याशा चकतीवर राजाचे सजीव मुख, केसांवरली फीत आणि भोवती रेखीव ग्रीक अक्षरे. पाठीमागे वज्र उगारलेली अथेना व खरोष्ठी लेख!

मला आमच्या नाशिककडचे जोगळटेंभी आठवले. तेथे १९०६ साली नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला. नहपानाच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरे आहेत, पण पुष्कळदा चुकलेली. पुढच्या क्षत्रपांच्या काळी ती वाचणारे उरले नाहीत. अक्षरांची नुसती नक्षी झाली.

घरी आलो, तो लखनौतच जन्मलेली आमची धाकटी आजीला पत्र लिहीत बसली होती. ‘शाळा’ची ‘शाला’ झाली होती. एरवी मी हसलो असतो. त्या संध्याकाळी मात्र तिच्याजवळ बसलो आणि पानभर ‘ळ’ गिरवून घेतला.