मामंजींची ४०७



मामंजी गेल्यापासून त्यांची टाटा ४०७ मागच्या शेडमध्ये गंजत होती. यंदा ह्यांनी ती काढली. पत्रा घासून रेड ऑक्साइड मारला, डिझेलची टाकी धुतली, ब्रेकचे पाइप बदलले. घरभर ग्रीसचे हात, ते वेगळंच!

अडलं ते सीटवर. ह्यांना खरं चामडं हवं होतं. मी म्हटलं, मग मी त्यात बसणार नाही. दोन दिवस अबोला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अरे, ते चालवायचे तेव्हा रेक्झिनच होतं, आणि समोर णमोकार मंत्राची पट्टी."

काल तपकिरी रेक्झिन आलं. पितळी पट्टी मी चिंचेनं घासून ठेवलीय. तिचे स्क्रू तेवढे सापडत नाहीत.