आठ फूट बाय बारा फूट

खारघरच्या सेक्टर ३६ मध्ये आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी सिडकोने बांधलेली ‘स्वप्नपूर्ती’ वसाहत आहे. नाव सरकारी असले, तरी मुंबईच्या एका खोलीतून आलेल्या कुटुंबाला ते मुळीच अतिशयोक्त वाटू नये. त्याचे कारण हेमा उपाध्याय यांच्या २००९ च्या मांडणशिल्पात दिसते. बडोद्याहून मुंबईत आलेल्या या कलावतीने धारावीतील घराच्या सरासरी मापाची, आठ फूट बाय बारा फुटांची खोली उभारली आणि पत्रा, मोटारींचे भंगार यांची चिमुकली झोपडवस्ती तिच्या भिंतींवर, छतावरही जडवली. प्रेक्षक आत शिरतो आणि अंग चोरून उभा राहतो. छियाण्णव चौरस फूट! ‘स्वप्नपूर्ती’त निदान स्वयंपाकघराला स्वतःची भिंत आहे.