काळ्या जमिनीतली मोरपंखी

नांदेडच्या भाग्यनगरात किंवा लातूरच्या औसा रोडला बंगल्याच्या फाटकाशी मोरपंखीची जोडी हमखास दिसते. शाळकरी पोरं तिची डहाळी ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात. इथल्या घरबागांत सूचिपर्णी म्हणून खरा जम बसला तो हिचाच. तिची बुटकी, सोनेरी झाक असलेली जात कुंडीतही वर्षानुवर्षं राहते.

थंड देशांत बुटकी सूचिपर्णी म्हणून नाव आहे ते मात्र वेगळ्याच झाडाचं. १९०४ साली कॅनडातल्या अल्बर्टात, लॅगनजवळ, अर्नोल्ड आर्बोरेटम या वनस्पती उद्यानाच्या जॅक आणि रेडर यांना शंकूच्या आकाराचा ठेंगणा स्प्रूस सापडला. थंड देशांतल्या बागांना त्याने वेड लावलं. पण मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडणाऱ्या लातुरात तो लावणं म्हणजे झाडाचे हाल. मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची. ऊन, कोरडा वारा, चुनखडीची जमीन हे सगळं ती सोसते.

सोसत नाही ते साचलेलं पाणी. पावसाळ्यात काळी माती फुगते, निचरा थांबतो, मुळं गुदमरून कुजतात. वर झाड तपकिरी पडू लागतं आणि माणूस काळजीपोटी आणखी पाणी ओततो. इथल्या बहुतेक मोरपंखी तहानेने नव्हे, अशा मायेने जातात. मुरूम, पोयटा आणि शेणखत घालून वीतभर उंच ओटा करावा, रोप त्यावर लावावं. पाण्याआधी मातीत बोट खुपसून बघावं. खाली ओल लागली तर हात आवरावा. ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रोज पाणी मागणाऱ्या हिरवळीपेक्षा मुळं धरलेली मोरपंखी कितीतरी शहाणी निवड.

फांद्या हाताने बाजूला केल्या की आत वाळक्या काड्यांचा कचरा दिसतो. ती जुनी पानगळ. घाबरायचं कारण नाही. बाहेरचे शेंडे फिकट, धुळकट दिसले तर मात्र डहाळी पांढऱ्या कागदावर झटकावी. बारीक ठिपके चालू लागले की समजावं, कोळी आलाय. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराच आटोक्यात येतो.

कात्री फक्त हिरव्या शेंड्यांवर चालवावी. तपकिरी, जुन्या लाकडापर्यंत छाटलं तर तिथे फुटवा येत नाही आणि ते भगदाड कायमचं राहतं. एवढ्यासाठी तरी घरच्याने स्वतः शेजारी उभं राहून छाटणी करून घ्यावी.

निळसर, आकडेदार शंकू पिकून तडकले की बी मिळतं. पण बियांची रोपं बुटकी निघतीलच असं नाही. ठेंगणी जात हवी तर फांदीच लावायला हवी.